मशीनला सांगितलेलं नाव

“दाबा आजी, कुठलंही बटण दाबा. फुटत नाही ते,” लॅपटॉप विकायला आलेला पोरगा मला म्हणाला, आणि चौथीच्या वर्गात बाकांवर बसलेली शाळेची सगळी समिती हसली.

मी दाबलं नाही. काजूच्या टरफलाच्या तेलानं माझी बोटं काळी पडलेली. तरुणपणापासून कारखान्यात काजू फोडले, तेव्हा कातडी जी जळाली ती पुन्हा धड आलीच नाही. त्या चकचकीत मशीनला हा हात लागू नये असं वाटत होतं.

“दाब की अक्का,” पांडबा गावडे म्हणाला. “अध्यक्षीण तू. उद्या म्हणशील, मला न इचारता घेतलं.”

“तूच दाब. तुझी बोटं मऊ हाईत. काम कुठं करतोस?”

पुन्हा हशा झाला. पांडबा समितीचा उपाध्यक्ष. माझ्या अध्यक्षपदाला उघड विरोध करणारा गावातला एकच माणूस. म्हातारपणी शाळेच्या व्हरांड्यात पाटी घेऊन बसलेली बाई शाळेची अध्यक्ष कशी, असं तो तोंडावर विचारायचा. नात शाळेत होती म्हणून मी समितीत आले होते आणि बायकांनी हात वर केले म्हणून अध्यक्ष झाले होते. अक्षरं मला यायची, पण एकेक करून. नदीतल्या दगडांवरून पाय टाकत जावं तशी मी वाचायची.

त्या वर्षी गोव्यात कामाला असलेल्या आमच्या गावच्या पोरांनी वर्गणी काढली आणि शाळेला लॅपटॉप द्यायचं ठरवलं. कुठले घ्यायचे ते समितीनं ठरवावं, एवढंच त्यांचं म्हणणं. हेरेकर सरांनी दोन कंपन्यांना बोलावलं होतं. पहिली ही, पुण्याची. दुसरीचा माणूस शनिवारी यायचा होता. दुसरीचं मशीन जड आणि महाग, सगळं स्वतःच्या पोटात ठेवणारं. तेवढ्या वर्गणीत चार-पाचच आले असते. ह्यांचं हलकं आणि स्वस्त. प्रत्येक पोराला एक.

“स्वस्त कसं?” मी विचारलं.

“कारण आत काहीच नाही, आजी. धडे, चित्रं, मुलांचा अभ्यास, सगळं आमच्या क्लाउडवर. म्हणजे वर, ढगात समजा.”

“पाऊस पडला की खाली येतंय काय मग?” पांडबानं विचारलं.

“खाली येत नाही, तेच तर. मशीन हरवलं, मोडलं तरी मुलांचं सगळं वर शिल्लक. जगात कुठूनही उघडा.”

हेरेकर सरांचे डोळे चमकत होते. खरं सांगायचं तर माझेही. पोरगा बोलायला गोड होता. त्यानं भिंतीवर उजेड पाडून आमच्या शाळेचं पान दाखवलं. वर शाळेचं नाव आणि खाली तीन मजली इमारत, पुढं कारंजं. आमची शाळा दोन खोल्यांची, कौलारू. आम्ही हसलो, तर तो म्हणाला, “तो आमचा नेहमीचा फोटो आहे. तुमचा नंतर टाकू.”

मग त्यानं मुलांना बोलावलं. लहान मुलांना पासवर्ड लिहिता येत नाही, म्हणून त्यांच्या मशीनला चेहरा दाखवायचा आणि नाव सांगायचं. मशीन ऐकून आपोआप लिहितं आणि त्या मुलाचं खातं तयार होतं.

“कोण येतंय पहिलं?”

मी दाराकडं पाठ करून बसले होते. पोरांची ढकलाढकली ऐकू आली आणि मीरा पुढं आली. दोन वेण्या, वर निळ्या रिबिनी. मी काही बोलायच्या आत ती मशीनसमोर बसली होती.

“खरं नाव सांगायचं हं,” तो पोरगा तिला गमतीनं म्हणाला. “खोटं सांगितलं तर हे उघडत नाही. याला सगळं कळतं.”

तिनं त्याच्याकडं बघितलं. मशीनकडं बघितलं. मग पहिलीत आपल्याकडं सगळ्या पोरांना शिकवतात तशी हाताची घडी घातली आणि एका दमात म्हणाली, “माझं नाव वैदेही नागनाथ डोईफोडे.”

वर्ग खिदळला. “आओ, तिचं नाव मीरा हाय! मीरा तुपारे!” पोरं ओरडली.

“असतं एखाद्याचं घरचं नाव वेगळं,” तो पोरगा म्हणाला. मशीननं टुण्ण केलं. भिंतीवर मीराचा चेहरा आला, माझ्या घराच्या दाराएवढा मोठा. खाली अक्षरं आली. मी ती वाचायला लागले आणि दुसऱ्या अक्षरावरच थांबले.

“आणि हे बघा,” त्यानं खिशातला फोन काढून सगळ्यांना दाखवला. “इथं बोललं, पुण्यात ऑफिसात दिसलं. आमच्या पानावर ‘आजची शाळा’ म्हणून लागलंसुद्धा. शाळेचं नाव, गाव, तालुका. बघा.”

मी हेरेकर सरांकडं बघितलं. सरांनी खडू हातात धरला होता, तो त्यांच्याही नकळत मोडला.

मीरा म्हणजे ती शाळेतली नात नव्हे; ती माझी कुणीच नव्हती. तिची आई एके दिवशी एक पिशवी आणि हे पोर घेऊन कारखान्याच्या फाटकाशी आली होती. बार्शीकडची. नाव रंजना सांगितलं. तेही खरं नव्हतं. मी तिला मागची खोली दिली आणि गावात सांगितलं, माझ्या नात्यातल्या लांबच्या पुतण्याची बायको आहे, तो वारला. मीराला माझं आडनाव लावून सरांनी शाळेत घेतलं. खरी गोष्ट आम्हा तिघांनाच माहीत होती. नवरा जिवंत होता आणि पोरीला शोधत होता.

पोरगा सामान आवरायला लागल्यावर मी त्याला व्हरांड्यात गाठलं.

“लेकरा, ते पहिल्या पोरीचं तेवढं पूस की.”

“का हो आजी?”

का, ते सांगायचं कसं? “चुकीचं नाव लागलंय न्हवं.”

“अहो, नमुना आहे तो. सोमवारी ऑफिसातून सगळं साफ करतात. इथून मला नाही करता येत.”

“आत्ता करायला लाव की. फोन लाव.”

“आजी,” तो हसून म्हणाला, “ढगाला एवढं घाबरायचं नसतं.” नमुन्याचा लॅपटॉप समितीला हाताळायला ठेवून तो गेला. सर त्याच्या ऑफिसला फोन लावत राहिले. तिकडं गाणं वाजायचं आणि फोन कटायचा.

मी तशीच कारखान्यावर गेले. रंजना काजू फोडत बसली होती. इतर बायकांसारखाच तिनं डोक्याला आणि मानेला फडका गुंडाळलेला. कारखान्यात सगळ्याच गुंडाळतात, म्हणून तिच्याकडं कुणी कधी वेगळं बघितलं नाही. मी तिच्या शेजारी बसून हळू आवाजात सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही. पण एरवी तिच्या हातून अख्खा गर निघायचा. आता एकेक तुटून निघायला लागला.

“तो रोज बघतो,” ती म्हणाली. “मोबाइलच्या दुकानात काम करतो. माझं नाव, तिचं नाव टाकून रोज बघत बसतो. माझ्या बहिणीला त्यानंच सांगितलंय. कधीतरी सापडतीलच म्हणाला.”

“पोलिसात जाऊया.”

“गेले होते. समजूत घालून परत त्याच्याच घरी पाठवलं.” तिनं हात पुसले. “अक्का, आज सुटल्यावर निघते.”

“कुठं?”

ती पुसलेले हात पुन्हा पुसायला लागली.

“सोमवारपातूर थांब,” मी म्हणाले. “सोमवारी पुसतंय म्हणालाय. तवर पोरीला हितंच तुझ्याजवळ ठेव. शाळंत धाडू नको.”

मी धीर दिला खरा, पण मीच घाबरले होते. मी आयुष्यात अस्वल बघितलंय, पूर बघितलाय, नवरा सर्पदंशानं डोळ्यांदेखत गेलेला बघितलाय. त्या सगळ्याला अंग होतं, आवाज होता. ह्याला काहीच नव्हतं. शुक्रवारी दिवसभर मी अंगणात बसून रस्त्याकडं बघत होते. दुधाची गाडी आली तरी उठून उभी राहायची. कुठल्याशा परक्या माणसाच्या खिशात आमच्या पोरीचा चेहरा आहे आणि तो आत्ता, ह्या घटकेला, ते उघडून बघत असेल, एवढाच विचार डोक्यात फिरत होता. सर दोनदा येऊन गेले. फोन लागला होता. “नोंद घेतली आहे,” असं तिकडची बाई म्हणाली होती.

शनिवारी सकाळची शाळा. बैठक चौथीच्या वर्गातच. टेबलावर नमुन्याचा लॅपटॉप, त्याच्यावर मीच घातलेला रुमाल. पांडबा जोरात होता.

“आता दुसरं बघायचं कारणच काय? पर्तेक पोराला एक मिळतंय. दुसऱ्याचे चारच. तीस पोरं चार मशिनींवर काय करतील? टकुरं फोडतील एकमेकांची.”

“बघून तरी घेऊ,” मी म्हणाले.

“तुला कळतंय काय त्यातलं?”

“तुझ्याएवढंच.”

शेवंता, शेजारच्या घरची, पोरगा चौथीत म्हणून समितीत आलेली, तोंडाला पदर लावून हसली. एवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. “आले, आले,” म्हणत पांडबा धावला आणि एका माणसाला घेऊन आत आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला काळी बॅग. पांडबानं स्वतःची खुर्ची त्याला दिली.

“बसा साहेब. लांबनं आलात. सर, च्या सांगा. रस्ता सापडला न्हवं?”

“सापडला,” माणूस म्हणाला. आवाज मऊ. “विचारत विचारत आलो.”

“मशीन बॅगेत हाय?”

तो थोडा थांबला. “हो.”

“तुमच्यात ढग का नुसतंच मशीन?”

“दोन्ही आहे.” तो खोलीभर नजर फिरवत होता. आमच्याकडं नाही, भिंतीवरच्या मुलांच्या चित्रांकडं. “मुलं कुठं आहेत? आधी मुलांना भेटावं म्हणतो.”

“तेच म्हणतो मी!” पांडबा खूश झाला. “त्या पुणेवाल्यानं पण आधी पोरंच बोलावली. भेटा की. आमच्यात पाव्हण्याला फूल दिल्याबगर आम्ही कामाचं बोलत न्हाई. बाई पोरींना घेऊन येतातच.”

शाळेत कुणी पाहुणा आला की एक मुलगी ताटात फूल आणि नारळ घेऊन आत येते आणि स्वागताची चार वाक्यं म्हणते. मी खिडकीतून व्हरांड्यात बघितलं. बाई पोरींना ओळीत उभ्या करत होत्या. त्यांना बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं. ओळीच्या पुढं, ताट धरून, निळ्या रिबिनी लावून मीरा उभी होती. स्वागत ती सगळ्यांत छान म्हणायची. मैत्रिणींनी बोलावलं असेल आणि आईची नजर चुकवून कारखान्यातून पळत आली असेल.

मला वाटलं, मीरानं आत येऊ नये, उगाच परक्यापुढं नको. तोवर एवढंच वाटलं होतं. मग त्या माणसानं खिशातला फोन काढून टेबलावर ठेवला. बहुतेक त्याला वेळ बघायची होती. काच उजळली. मी समोर बसले होते, त्यामुळं मला सगळं उलटं दिसत होतं. एक तीन मजली इमारत, पुढं कारंजं. खाली एक लहान चेहरा. चेहऱ्याखाली अक्षरं. उलटी अक्षरं मी कधी वाचली नव्हती. वै. मी पुढं वाकले. दे. बाहेरून बाईंचा आवाज आला, “चला, सावकाश, ताट सरळ धर.” ही.

मी उठले. काय करायचं ते मी ठरवलं नव्हतं. पाहुण्यासाठी ठेवलेला पाण्याचा तांब्या हाताशी होता. तो मी उचलला, रुमाल बाजूला सारला आणि लॅपटॉप उघडून सगळा तांब्या त्याच्यावर ओतला.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग मशीनमधून चर्र आवाज आला आणि त्याची काच काळी झाली.

“अगं ए अक्के!” पांडबा किंचाळला. “येड लागलं काय तुला? दुसऱ्याचं मशीन ते!”

“हात थरथरला,” मी म्हणाले.

“थरथरला? तू उघडून वतलंस! मी बघितलं की!”

सगळे उठले. कुणी उपरण्यानं पुसतंय, कुणी मशीन उपडं करतंय. सर माझ्याजवळ धावले, तेव्हा मी त्यांच्या कानाशी फक्त एवढंच म्हणाले, “हा त्यो हाय. पोरगी भायेर हाय.”

“फडकं आणतो,” म्हणून सर बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं शाळा सुटल्याची घंटा वाजली, नेहमीपेक्षा किती तरी आधी. पोरं हुर्रे करत पळाली. त्या गलक्यात निळ्या रिबिनी कुठल्या बाजूला गेल्या, हे मला दिसलं नाही.

तो माणूस उभा राहिला होता. ओल्या टेबलाकडं त्याचं लक्षच नव्हतं.

“मुलं का सोडली?” त्यानं विचारलं.

“साहेब, माफी करा,” पांडबा हात जोडून म्हणाला. “ही म्हातारी जरा... तुम्ही तुमचं मशीन काढा. आपण बघू.”

“मी मशीनवाला नाही,” माणूस म्हणाला.

पांडबानं जोडलेले हात खाली घेतले. त्यानं बॅग टेबलावर ठेवली. ती चपटीच होती. फोन त्यानं पांडबाच्या हातात दिला.

“ही माझी मुलगी. वैदेही. दीड वर्ष झालं, बायको हिला पळवून घेऊन गेली. मी गावोगाव फिरतोय.” बोलता बोलता त्यानं डोळे पुसले. “तुमच्या शाळेच्या पानावर हिचा फोटो आहे. तुम्हालाही मुलंबाळं असतील. मला फक्त तिला बघू द्या.”

मला दिसत होतं की खोली त्याच्या बाजूला झुकली. झुकणारच. मला माहीत नसतं तर मीही झुकले असते. मी टेबलाची कड धरून उभी राहिले.

शेवंता पुढं वाकून फोनमध्ये बघायला लागली. “अगोबाई! ही तर आपली—”

“आपली कसली?” पांडबा खेकसला.

मी त्याच्याकडं बघितलं. तो फोनकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता. किती वेळ बघत होता कुणास ठाऊक. मग त्यानं त्या बिघडलेल्या मशीनकडं बघितलं आणि पुन्हा माझ्याकडं.

“हिला दोन येण्या घातलेली कुटलीबी पोरगी आपलीच वाटती,” तो शेवंताकडं बोट करून म्हणाला. “कवापास्नं सांगतोय, चष्मा कर, चष्मा कर. परवा माझी म्हस आपली म्हणून दावणीला बांधली हिनं.”

“मी? कधी?” शेवंता म्हणाली. पांडबानं तिच्याकडं असं बघितलं की ती गप्प झाली.

“साहेब,” पांडबानं फोन त्या माणसापुढं धरला, “हे बघा. हितं काय दिसतंय? तीन मजली शाळा. फुडं कारंजं. आता खिडकीतनं आमची शाळा बघा. कवलं मोजायला लागला तर अर्धी फुटकी निघतील. त्या पुणेवाल्यानं कुटली इमारत, कुटली पोरं चढवल्याती, त्याचं त्याला ठावं. असली पोरगी आमच्या गावात न्हाई.”

“पण गावाचं नाव आहे.”

“नाव आमचंच हाय. बाकी सगळं दुसऱ्याचं.”

माणूस एकेकाच्या तोंडाकडं बघत गेला. शेवंता खाली बघत होती. माझ्याजवळ येऊन तो थांबला. अगदी जवळ. त्याच्या शर्टाला इस्त्रीचा वास येत होता.

“आजी, तुम्ही सांगा. तुम्ही ओळखता हिला?”

“मला अडाणी बाईला काय कळतंय बाबा,” मी म्हणाले. ज्या शब्दावरून मी आयुष्यभर भांडले, तो शब्द माझ्या तोंडून सहज निघाला. “मला तर लिवायवाचायबी येत न्हाई.”

त्यानं व्हरांडा बघितला. दुसरी खोली बघितली. मुतारीच्या मागंही जाऊन आला. शाळा रिकामी होती. मागून पांडबा बोलतच राहिला होता, च्या घ्या, ऊन हाय, फाट्यापातूर मी म्होरं होऊन रस्ता दावतो, दुसऱ्या वाटंनं गेलासा तर चुकाल. शेवटी दोन मोटारसायकली निघाल्याचा आवाज आला. मी भिंतीला टेकून खाली बसले. शेवंतानं मला पाणी पाजलं, पण विचारलं काहीच नाही.

मीरा कारखान्यात सापडली, काजूच्या पोत्यांमागं. सरांनी तिला मागच्या ओढ्यानं नेऊन आईजवळ सोडलं होतं.

दिवस मावळायच्या सुमारास पांडबा माझ्या घरी आला. त्यापूर्वी तो माझ्या उंबऱ्याला कधी लागला नव्हता. रंजनाची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. ती मला नको नको म्हणत होती आणि मी पिशवीवर हात ठेवून बसले होते. पांडबानं पिशवी बघितली, रंजनाला बघितलं, आणि जोत्यावर बसला.

“लावला त्याला वाटंला,” तो म्हणाला. “आंबोली घाटाच्या दिशेनं गेला. नजरंआड होईपातूर उभा हुतो.” मग त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “अक्का, फाट्यावर त्यो रडला गं. गाडी थांबवून, हँडलवर डोकं ठेवून रडला. मला दोन पोरी हाईत.”

“मग?”

“मग काय? मी खोटं बोललो. का बोललो? तर तू भ्यालेली दिसलीस म्हणून. तुला अशी भ्यालेली म्या कदी बघितली न्हवती. तेवढ्यावर बोललो.” तो रंजनाकडं न बघता म्हणाला, “बाप हाय त्यो. आपण काय पाप तर केलं न्हाई न्हवं?”

ते सांगणं माझ्या हातात नव्हतं. मी रंजनाकडं बघितलं.

“मीरा,” रंजना म्हणाली, “मागं जाऊन कोंबड्या झाकून ये.”

पोरगी गेली. रंजनानं मागच्या दाराचा आवाज ऐकला आणि मग डोक्याचा फडका सोडला. मानेचाही सोडला. डाव्या बाजूला कान नव्हता. कानाच्या जागेपासून खांद्यापर्यंत कातडी वितळून पुन्हा गोठल्यासारखी झाली होती. मी ते एकदाच बघितलं होतं, ती आली त्या पावसाळ्यात.

“कढईतलं तेल होतं,” ती म्हणाली. “माझ्यावर नव्हतं टाकलं. ती जेवताना रडत होती, म्हणून तिच्यावर टाकलं. मी मध्ये गेले.” तिनं फडका परत गुंडाळला. “नंतर तो रडला. नंतर तो नेहमी रडतो.”

पांडबानं मान खाली घातली. अंधारून येत होतं. त्यानं खिशातून तंबाखू काढली, मळली नाही, परत ठेवली.

“ते ढगावरचं पुसलं काय?” त्यानं मला विचारलं.

“सर म्हणत्यात, संध्याकाळी काढलं त्यांनी.”

“काढलं म्हंजे कुटनं कुटनं काढलं?”

मला ते सांगता आलं नाही. त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी आजही सांगता येत नाही. मीराला आता तिच्या दाखल्यावरचं नाव कायद्यानं मिळालंय, ती बेळगावला नर्सिंगला आहे, तरी दाराशी परकी गाडी थांबली की मी आधी उठून उभी राहते आणि मग बघते.

“दुसरंच घेऊया,” पांडबा म्हणाला. “जड असू दे. चारच येऊ देत. पोरं आळीपाळीनं बसतील. पर ज्येचं त्येच्या पोटात राहील. त्यो खरा माणूस आज आला न्हाई, सोमवारी येतो म्हणालाय; आला की मीच ठराव मांडतो. आणि तू बुडवलंस त्या मशीनचं पुणेवाल्याला आणि गोव्याच्या पोरांस्नी मी सांगतो. माझ्या हातनं पडलं म्हणीन.”

“तुझ्या हातनं कशाला?”

“तुझं नाव घेतलं तर का वतलं ते इचारतील. माझं घेतलं तर कोण इचारतंय? गावडे हाय, पाडलं असंल, म्हणतील.”

रंजना दाराशी उभीच होती. पिशवी अजून तिथंच होती. पांडबानं तिच्याकडं एकदा बघितलं, पिशवीकडं बघितलं आणि घसा खाकरला. मागं कोंबड्या झाकून पोरगी चुलीपाशी आली होती. सकाळी शाळेत तिचं खरं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं त्यानं डोळ्यांनी वाचलं होतं.

“मीरा,” त्यानं आतल्या बाजूला हाक मारली, गल्लीतल्या दोन घरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. “मीरा तुपारे! पाणी आण गं प्यायला.”

आत माठावरचं झाकण वाजलं.